सत्पुरुषांचा एकांत आणि आपला कॅमेरा

मुठेच्या पलीकडे, पाताळेश्वराच्या पाषाणात कोरलेल्या लेण्याला लागूनच, जंगली महाराजांचे समाधिमंदिर आहे. 1890 साली महाराज समाधिस्थ झाले तेव्हा हा सारा प्रदेश भांबुर्डे ह्या लहानशा गावाचे शिवार होता, नदीच्या ह्या तीरावरचे पुणे शहर तेथून वेगळे आणि दूर मानले जाई, आणि लोकवस्तीपासून अलग, वनात राहण्याची ज्यांची वृत्ती त्या सत्पुरुषाला लोकांनी ‘जंगली’ हीच ओळख कायमची दिली. आज त्यांच्या नावाचा रस्ता शहरातील अत्यंत गजबजलेल्या रस्त्यांपैकी एक आहे. सत्पुरुषाने एकांत शोधावा आणि लोकांनी त्या एकांताभोवतीच गर्दी करावी, ही गोष्ट महाराष्ट्रात नवीन नाही. परंतु पूर्वी ही गर्दी जमायला पाऊण शतक लागे, आता ती एका दुपारीत जमते, आणि तिला बोलावणे धाडण्यास प्रत्येकाच्या खिशातील भ्रमणध्वनी पुरेसा होतो.

साधूंचे, संन्याशांचे आणि मठाधिपतींचे छायाचित्र घेणे व ते चहूकडे पाठवणे ह्याविषयी काही मर्यादा असावी काय, हा प्रश्न विचारला की बहुतेक भाविकांना तो चमत्कारिक वाटतो. सत्पुरुष सर्वांचे, त्यांचे दर्शन जितक्यांना घडेल तितके पुण्य अधिक, मग आड कसला, असा त्यांचा सरळ विचार असतो. हा विचार श्रद्धेतून आलेला आहे म्हणून तो आदराने ऐकला पाहिजे. तथापि ज्या शास्त्रांनी ह्या श्रद्धेला आकार दिला त्यांचेच म्हणणे निराळे आहे.

भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत पहिलेच लक्षण अमानित्व, म्हणजे स्वतःच्या मानाची अपेक्षा नसणे, हे आहे, आणि पुढे त्याच मालिकेत एकांत स्थळाचे सेवन व जनसमुदायाविषयी अरुची ह्यांचीही गणना झाली आहे. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, नेवाशास हा अध्याय विवरताना मूळ श्लोकांतील एकेका शब्दावर ओव्यांमागून ओव्या वेचल्या आहेत. अमानित्वाचे त्यांनी रेखाटलेले चित्र असे की, बृहस्पतीच्या तोडीची सर्वज्ञता अंगी असलेला पुरुषही महतीच्या भयाने वेडेपणाच्या आड दडून बसतो, आपली कीर्ती कानी पडू नये आणि लोकांनी आपली आठवणही ठेवू नये अशी त्याची इच्छा असते. मनुस्मृतीतही ब्राह्मणाने सन्मानाला विषाप्रमाणे भ्यावे असा उपदेश आहे. ह्या वचनांवरून एवढे स्पष्ट होते की साधूचा एकांत हा संकोच किंवा लाज ह्यांतून उपजलेला नसतो. गृहस्थ आपल्या घराचे दार लावतो ते कुटुंबाच्या सुरक्षिततेसाठी व अब्रूसाठी. साधू लोकांच्या दृष्टीबाहेर राहतो ते त्याच्या साधनेचे अंग म्हणून. जप, आसन, भिक्षा, मौन ही जशी त्याची साधने, तसाच अप्रसिद्ध राहणे हा त्याचा नियम. आणि त्या नियमाचा भंग दुसऱ्याने केला तरी त्याचे फळ भोगावे लागते ते मात्र त्यालाच.

दत्तसंप्रदायातील वासुदेवानंद सरस्वती, ज्यांना आपण टेंबेस्वामी म्हणतो, ह्यांचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. सावंतवाडीजवळच्या माणगावचा त्यांचा जन्म 1854 चा, आणि नर्मदातीरी गरुडेश्वर येथे 1914 मध्ये ते समाधिस्थ झाले. दंड-कमंडलू धारण केल्यावर त्यांनी भारतभर पायी संचार केला; द्रव्याला स्पर्श करावयाचा नाही, चातुर्मास वगळता एका ठिकाणी रमावयाचे नाही, हे संन्याशाचे धर्म त्यांनी अक्षरशः पाळले. जो संन्यासी उद्या कोठे असेल हे आज कोणाला सांगत नाही, त्याच्या मुक्कामाचे चित्र स्थळासह आणि वेळेसह घटकाभरात सहस्र जणांकडे पोहोचले, तर ह्या व्रताचे काय उरते, हे सांगावयास फार पांडित्य नको.

प्रतिमेचा इतिहास पाहिला तर आपल्या थोर संतांना ह्या बाबतीत कालाने एक मोठे संरक्षण दिले असे दिसते. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम ह्यांची आज घरोघरी लावलेली चित्रे कोणीही त्यांना समोर बसवून काढलेली नाहीत; ती पुढील पिढ्यांनी कल्पनेने रचलेली आहेत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने 1878 मध्ये पुण्यात निघालेल्या चित्रशाळेने शिळाछापावर देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे छापून मध्यमवर्गीयांच्या भिंतींपर्यंत पोहोचवली, आणि प्रतिमा ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून सामान्यांच्या माजघरात आली. पुढे 1936 साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘संत तुकाराम’ काढला, त्यातील भूमिका विष्णुपंत पागनीसांनी अशा तन्मयतेने केली की मराठी माणसाच्या मनात तुकोबांचा चेहरा म्हणून तोच ठसला, आणि दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातही त्या चित्रपटाचा गौरव झाला. ह्या साऱ्या व्यवहारात देहूच्या तुकोबांकडून कोणी काही हिरावून घेतले नाही. त्यांनी आपली ओळख शब्दांत ठेवली होती, चेहरा लोकांनी आपल्या प्रेमाने त्यांना दिला.

छायाचित्राची गोष्ट मुळातच वेगळी. ते कल्पनेतून रचले जात नाही. समोर बसलेल्या देहावरचा प्रकाश घेऊनच ते तयार होते, आणि म्हणून तो देह ज्याचा त्याच्या संमतीचा प्रश्न तेथे पहिल्या क्षणापासून उभा राहतो. अक्कलकोटचे स्वामी समर्थ 1878 मध्ये समाधिस्थ झाले. त्यांची अस्सल छायाचित्रे उपलब्ध आहेत, म्हणजे महाराष्ट्रातील सत्पुरुषांच्या परंपरेत हा प्रश्न जवळजवळ दीडशे वर्षे जुना आहे. बंगालमध्ये त्याच सुमारास रामकृष्ण परमहंसांच्या बाबतीत जे घडले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. 21 सप्टेंबर 1879 रोजी केशवचंद्र सेन ह्यांच्या घरी, कीर्तनाच्या भरात ते उभ्यानेच समाधीत गेले असता, भाचा हृदय त्यांना सावरून धरीत असताना, त्यांचे पहिले छायाचित्र घेतले गेले. 1883 मध्ये दक्षिणेश्वरी घेतलेले, पुढे जगभर पूजिले गेलेले बैठे चित्र, तेही ध्यानमग्न अवस्थेतील. ज्याला आपल्या देहाचेच भान नाही त्याची अनुमती त्या क्षणी कोण घेणार? परंतु ज्यांनी ही छायाचित्रे घेतली किंवा घेवविली ती नित्य सहवासातील माणसे होती, आणि हे बैठे चित्र स्वतः परमहंसांना दाखवण्यात आले व त्यांनी त्याचा आदर केला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. नंतर का होईना, ज्याचे चित्र त्याच्या दृष्टीखालून ते गेले होते. काशीच्या लाहिरी महाशयांविषयी परमहंस योगानंदांनी आपल्या 1946 च्या आत्मचरित्रात एक कथा दिली आहे: त्यांना छायाचित्र काढून घेणे नापसंत होते, छायाचित्रकाराच्या काचा एकामागून एक कोऱ्या निघाल्या, आणि त्यांनी स्वतः होकार दिला तेव्हाच एक चित्र उमटले. ह्या कथेतील चमत्कारावर कोणी विश्वास ठेवो वा न ठेवो. शिष्यपरंपरेने ती एवढ्या प्रेमाने जतन केली ह्याचा अर्थ, गुरूच्या अनुमतीवाचून गुरूची प्रतिमा घेता येत नाही ही भावना त्या परंपरेत खोल रुजलेली होती.

शिर्डीचा वृत्तांत तर ह्या विषयात आदर्श मानावा असा आहे. गोविंद रघुनाथ दाभोळकर ह्यांना साईबाबांचे चरित्र लिहावे असे वाटले तेव्हा त्यांनी मनानेच लेखणी उचलली नाही. माधवराव देशपांडे ह्यांच्या द्वारे बाबांची आज्ञा मागितली, ती मिळाल्यावर नोंदी ठेवण्यास आरंभ केला, आणि बाबा 1918 मध्ये समाधिस्थ झाल्यानंतर श्रीसाईसच्चरित हा ग्रंथ आकाराला आला. दाभोळकर हे सरकारी नोकरीत अधिकारपदावर राहिलेले, कागदपत्रांत मुरलेले गृहस्थ. लेखी शब्द एकदा सुटला की परत येत नाही हे त्यांना चांगले ठाऊक असणार. चरित्राच्या बाबतीत जो विवेक त्यांनी दाखवला तोच छायाचित्राच्या बाबतीत का असू नये, ह्याचे उत्तर मला अद्याप कोणाकडून मिळालेले नाही.

ह्याउलट धनकवडीच्या शंकर महाराजांचे पाहा. 1947 मध्ये ते समाधिस्थ झाले तेव्हा धनकवडी हे पुण्याबाहेरचे खेडे होते; आज सातारा रस्त्यावरचा त्यांचा मठ शहराच्या पोटात आला आहे. महाराज सिगारेट ओढीत. तशा अवस्थेतील त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत, आणि आजही काही भाविक समाधीवर सिगारेट अर्पण करतात. मठात येणाऱ्या भाविकाला त्या छायाचित्राचा सारा संदर्भ ठाऊक असतो. अवधूत वृत्तीचा पुरुष लोकांना आपल्यापासून दूर ठेवण्यासाठी कित्येकदा मुद्दामच लोकविरुद्ध आचरण करतो, हे त्याने वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असते. तेच चित्र संदर्भावाचून एखाद्या परक्याच्या हाती पडले की त्यातून टिंगल तरी उपजते किंवा अनुकरण तरी. आणि दोहोंचा दोष अखेर महाराजांच्या माथी येतो. म्हणूनच एखाद्या सत्पुरुषाची प्रतिमा मठाच्या गाभाऱ्यात असणे आणि ती अनोळखी लोकांच्या हातांतून फिरणे ह्यांत फार मोठे अंतर आहे, मग चित्र तेच का असेना.

गाडगे महाराजांनी तर आपली इच्छा कोणताही आडपडदा न ठेवता सांगून ठेवली होती. 20 डिसेंबर 1956 रोजी त्यांनी देह ठेवला, तोपर्यंत आयुष्यभर ते पाया पडू पाहणाऱ्यांपासून दूर पळाले, कोणाचे गुरुपद स्वीकारले नाही, आणि धर्मशाळांवर, सदावर्तांवर व शाळांवर खर्च करावयाचा पैसा आपल्या स्मारकावर जाऊ नये असा त्यांचा आग्रह राहिला. हाती खराटा, अंगी चिंध्या आणि डोक्यावर गाडगे हे त्यांचे रूप आज सरकारी भिंतींवर, पाठ्यपुस्तकांत आणि स्वच्छतेच्या फलकांवर सर्वत्र आहे. त्यांच्या कार्याची आठवण राहिली हे उत्तमच; पण ते रूप लावताना त्यांची स्वतःची इच्छा काय होती ह्याची एक ओळही बहुधा कोठे नसते. ही उणीव मला फार खटकते.

आता कायद्याकडे वळू, कारण भाविक मंडळी कायद्याच्या नावाने दचकतात आणि वकील मंडळी धर्माच्या नावाने गप्प बसतात, त्यामुळे हा भाग दोघांच्याही नजरेतून निसटतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी न्यायमूर्ती पुट्टस्वामी ह्यांच्या खटल्यात खासगीपणा हा घटनेच्या एकविसाव्या कलमातून निघणारा मूलभूत हक्क ठरवला, आणि तो संन्याशालाही तितकाच लागू आहे. भगवी वस्त्रे परिधान केल्याने कोणी नागरिकत्वाची सनद गमावत नाही. तथापि रोजच्या व्यवहारात ह्या हक्काचा आधार वाटतो तितका दाट नाही. 2023 चा वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा एखाद्या व्यक्तीने घरगुती अथवा स्वतःच्या कामासाठी केलेल्या व्यवहाराला लागू होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66-ई हे कलम संमतीवाचून गुप्तांगांचे चित्रण व प्रसारण करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड अशी शिक्षा सांगते. परंतु त्याची सारी रचना शरीराच्या झाकलेल्या भागाभोवती आहे, आणि दिगंबर राहणे हाच ज्याचा आश्रमधर्म त्या नागा साधूच्या बाबतीत त्या कलमाची मोजपट्टी अपुरी पडते. छायाचित्राची मालकी, 1957 च्या प्रतिमुद्राधिकार कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर साधारणतः ते काढणाऱ्याची. ज्याचे चित्र त्याची नव्हे. प्रकाशनानंतर साठ वर्षांनी तीही संपते.

जिवंत आणि प्रसिद्ध असलेल्या गुरूंना अलीकडे न्यायालयांनी काहीसा आधार दिला आहे. मे 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जग्गी वासुदेव ह्यांचा चेहरा, आवाज व नाव कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बनावटीने वापरणाऱ्यांना मनाई केली. परंतु असा दावा लढवावयास वकील लागतात, संस्था लागते, द्रव्य लागते. गुहेत बसलेल्या वैराग्याजवळ ह्यातले काहीच नसते. दिवंगतांची अवस्था तर अधिकच निराधार आहे, कारण खासगीपणाचा हक्क व्यक्तीबरोबरच लयाला जातो, वारसाने मिळत नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने 2021 मध्ये जयललितांच्या जीवनावरील चित्रपटाच्या प्रकरणात म्हटले आहे. म्हणून आज कोणीही उठून एखाद्या दिवंगत सत्पुरुषाच्या जुन्या छायाचित्राला यंत्राने पापण्या मिटावयास लावतो, ओठ हलवावयास लावतो, आणि न बोललेला उपदेश त्याच्या मुखी घालतो. ह्याविरुद्ध दाद मागावी तर कोणत्या कचेरीत, हा प्रश्नच आहे. ज्याने बारा-बारा वर्षे मौन पाळले त्याच्या तोंडी परक्याचे शब्द घालणे हे मला त्याच्या व्रतावरचा उघड अत्याचार वाटतो, आणि तो ‘भक्तिभावाने’ केला असे सांगितले म्हणून सौम्य होत नाही.

पुण्यात हा विषय दरवर्षी आषाढीच्या आधी डोळ्यांसमोर येतो. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा मंदिरात मुक्कामास उतरते, दिंड्यांतील वारकरी शाळांत, मंगल कार्यालयांत, वाड्यांच्या ओसरीवर आणि पदपथांवर विसावतात, आणि पहाटेच्या अंधारात नळाखाली स्नान करणाऱ्या, भेगाळलेल्या पायांना तेल लावणाऱ्या, भिंतीला टेकून डोळा लागलेल्या वृद्ध माळकऱ्यांभोवती कॅमेरे गोळा होतात. टाळ-मृदंगाच्या गजरात, हजारोंच्या समक्ष नाचणाऱ्या वारकऱ्याचे चित्र घेण्यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. तो आनंद मुळातच सर्वांसमक्ष उधळलेला असतो. स्नान, निद्रा, भोजन, आजारपण आणि डोळ्यांतील पाणी ह्यांची गोष्ट तशी नाही. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या वारकऱ्यांना उतरवून घेतात त्या घरांतील बायकांना हे कोणी शिकवावे लागत नाही: बुवा जेवायला बसले की त्या वाढतात आणि टक लावून पाहत उभ्या राहत नाहीत.

प्रत्यक्ष आचरण फार अवघड नाही. साधू बोलत असेल तर त्याला विचारावे. मौनात असेल तर त्याच्या शिष्याला किंवा मठाच्या कारभाऱ्याला विचारावे, आणि कोणीच जवळ नसेल तर कॅमेरा बाहेर काढू नये. चित्र घेण्यास दिलेली अनुमती ही ते सर्वत्र पाठवण्याची अनुमती नव्हे, म्हणून दुसरा प्रश्नही तेथल्या तेथे विचारून घ्यावा. दक्षिणा पुढे करून होकार मिळवू नये. भुकेल्याचा होकार हा होकार नसतो. चित्रासोबत भ्रमणध्वनी आपोआप स्थळाची नोंद जोडतो, ती पाठवण्यापूर्वी काढून टाकावी, विशेषतः गिरनारच्या किंवा सह्याद्रीच्या एखाद्या कपारीतील आसन असेल तर. शेजारी बसलेला शिष्य, दीक्षेला आलेला तरुण, दुःखाने पायांशी बसलेली बाई ह्यांचेही चेहरे त्या चौकटीत येतात, आणि गुरूच्या संमतीने त्यांची संमती मिळालेली नसते. रुग्णशय्येवरील व देहत्यागानंतरची छायाचित्रे तर, परंपरेच्या अधिकारी व्यक्तीने स्वतः प्रसिद्ध केली नसतील तर, कोणाकडे पाठवूच नयेत. ज्या प्रेमाने ती पाठवली जातात त्याविषयी मला शंका नाही, परंतु सत्पुरुषाच्या क्षीण देहाचे ते दर्शन त्यांनी स्वतः कधीच कोणाला दिलेले नव्हते.

ह्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळू नये. छायाचित्राने किती दुःखितांना धीर दिला आहे! परदेशी एकाकी पडलेली मुलगी उशाजवळ स्वामींचा फोटो ठेवते, शस्त्रक्रियेला जाणारा रोगी तो खिशात घालून जातो, आणि ह्या साऱ्यांना तो मिळाला तो कोणीतरी एकेकाळी कॅमेरा रोखला म्हणूनच. हे अगदी खरे आहे. पण जी चित्रे अशी शतकभर आधार देत राहिली ती बहुतेक सहवासातील माणसांनी घेतलेली, परंपरेने स्वीकारलेली व गाभाऱ्यात ठेवलेली आहेत. अशा चार-दोन चित्रांनी भाविकाची तहान भागते. पाचशे चोरट्या चित्रांनी ती वाढते मात्र, आणि अधिक जवळून, अधिक अनावृत क्षणाचे चित्र हवे अशी हाव सुटते. मठांनी आपल्या दप्तरातील अधिकृत छायाचित्रे नीट जतन करून, वर्ष व प्रसंग नोंदवून, भक्तांना मोकळेपणाने उपलब्ध करून दिली तर चोरट्या छायाचित्रणाचे बरेचसे कारण नाहीसे होईल. हे काम फार खर्चाचे नाही. चार सेवेकरी आणि एक जाणता ग्रंथपाल असला तर एका चातुर्मासात उरकेल.

2026-27 च्या सिंहस्थासाठी आता नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे सिद्धता चालू आहे. शैव आखाड्यांनी त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर आणि वैष्णवांनी नाशिकास रामकुंडावर स्नान करावे ही वाटणी, पेशवाईत दोन्ही पक्षांतील तंटा रक्तपातापर्यंत गेल्यावर पुणे दरबाराच्या निवाड्याने झाली आणि ती आजतागायत पाळली जाते. म्हणजे साधूंच्या मर्यादेविषयी शासनाने स्पष्ट हुकूम काढावा आणि तो दोन शतके टिकावा, ह्याला आपल्याच इतिहासात दाखला आहे. 2019 च्या प्रयागराज येथील मेळ्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने स्नानघाटांपासून शंभर मीटरच्या आत छायाचित्रणास मनाई केली होती. त्या आदेशामागे मुख्य चिंता स्नान करणाऱ्या स्त्रियांची होती. नाशिकच्या मेळ्यासाठी अशीच हद्द आखताना आखाड्यांचे महंत, पुरोहित संघ आणि वार्ताहरांचे प्रतिनिधी ह्यांना एकत्र बसवून साधूंच्या तंबूंचा, धुनीचा आणि रात्रीच्या दीक्षाविधीचाही त्यात समावेश करावा, शाही मिरवणूक मात्र सर्वांना मोकळी ठेवावी, आणि हा नियम मराठी-हिंदीत छापून प्रत्येक घाटावर व प्रत्येक रेल्वे स्थानकावर पर्वणीपूर्वी लावावा. पुण्याहून नाशिकला जाणाऱ्या गाड्यांतूनही तो फलक लागला तर येथून निघणाऱ्या लाखो यात्रेकरूंना तो वाटेतच वाचावयास मिळेल.